चालता संगणक भंगारात कशाला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाच्याही घरचा संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखाच सुरू झाला आणि मुलांच्या फायली, घरचे फोटो, सोसायटीचे हिशेब सगळे जागच्या जागी होते. वरवर काहीच न बदलल्यामुळे या घटनेची आपल्याकडे हवी तेवढी चर्चा झाली नाही. स्टॅटकाउंटरच्या मोजणीनुसार त्या महिन्यात जगातल्या विंडोज संगणकांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास संगणक विंडोज १० वरच चालत होते, म्हणजे प्रश्न मूठभर जुनाट यंत्रांचा नाही. त्यावर दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. दुकानात सांगतात, ‘आता नवाच घ्या’. घरात म्हणतात, ‘चालतोय ना, मग राहू द्या’. माझ्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गल्लत आहे. ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे आणि यंत्र बदलणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला निर्णय टाळून चालणार नाही. दुसरा बहुतेक घरांना आज घ्यावा लागत नाही. हे दोन निर्णय एकमेकांना बांधून टाकण्यात विक्रेत्यांचा फायदा आहे. ते सोडवण्यात ग्राहकाचा आहे, आणि ते सोडवायला कायद्याने मदत करायला हवी.

आधी पहिला निर्णय का टाळता येत नाही ते पाहू. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कोट्यवधी ओळींचा प्रोग्रॅम असतो आणि त्यात चुका राहतातच. त्या सापडल्या की कंपनी दुरुस्ती पाठवते. मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. ही दुरुस्ती न घातल्याने काय होते, हे २०१७ साली जगाने पाहिले. विंडोजमधील फायली एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवणाऱ्या भागात एक त्रुटी होती. मायक्रोसॉफ्टने तिच्यावरची दुरुस्ती १४ मार्चला दिली. १२ मे रोजी त्याच त्रुटीतून ‘वॉनाक्राय’ नावाचा प्रोग्रॅम जगभर शिरला, फायली कुलूपबंद करून ३०० डॉलरची खंडणी मागू लागला आणि सुमारे १५० देशांत पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला शस्त्रक्रिया आणि भेटी रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही फटका बसला. दीड महिन्यानंतर, त्याच त्रुटीचा इतर मार्गांसोबत वापर करणाऱ्या ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाजकंपनीचा कारभार ठप्प केला आणि त्या समूहाच्या ताब्यातील, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले टर्मिनलही थांबले. यातला एक तपशील फार महत्त्वाचा आहे. वॉनाक्रायला बळी पडलेले बहुसंख्य संगणक विंडोज ७ चे होते आणि विंडोज ७ ला तेव्हा सपोर्ट होता. दुरुस्ती हाताशी होती, फक्त ती घातलेली नव्हती. म्हणजे धोका ठरला तो दुरुस्ती आहे की नाही यावर. यंत्र किती वर्षांचे आहे यावर नव्हे.

विंडोज १० च्या बाबतीत हा धोका आणखी एका कारणाने वाढतो. विंडोज १० आणि ११ यांचा मोठा भाग सामाईक आहे. उद्या विंडोज ११ साठी एखादी दुरुस्ती आली, की हल्लेखोर दुरुस्तीआधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून नेमके काय बदलले ते शोधतात. ती त्रुटी जुन्या सिस्टीममध्येही असेल, तर तिथे ती कायमची उघडी राहते आणि तिचा पत्ताही आता जाहीर झालेला असतो. म्हणजे सपोर्ट संपलेली सिस्टीम आहे तेवढीच सुरक्षित राहत नाही, महिन्यागणिक कमी सुरक्षित होत जाते. शिवाय भोवतालचे सॉफ्टवेअरही हळूहळू तिची साथ सोडते. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. गुगलने क्रोम ब्राउझर त्यावर आणखी तीन वर्षे चालू ठेवला आणि मग २०२३ च्या सुरुवातीला १०९ या आवृत्तीवर थांबवला. त्यानंतर ब्राउझर उघडत राहिला, पण त्यातली भोके बुजवणारे कोणी उरले नाही, आणि नव्या वेबसाइट एकेक करून बिघडू लागल्या. विंडोज १० ची वाटचाल वेगळी होण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. आता बँकेचे व्यवहार, यूपीआय, बिले हे सगळे मोबाईलवर होते. घरच्या संगणकावर चोरण्यासारखे आहेच काय? हा आक्षेप वरवर पटण्यासारखा आहे, पण घरच्या संगणकाचे खरे काम त्यात विसरले जाते. सीईटीनंतरचा प्रवेशाचा अर्ज, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, प्राप्तिकराचे विवरणपत्र, सातबाराचा उतारा ही कामे अनेक घरांत मोठ्या पडद्यावरच होतात. त्यासाठी आधार, पॅन, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान असे सगळे स्कॅन करून ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘डाउनलोड्स’मध्ये ठेवलेले असते. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेले असतात आणि ईमेल कायम उघडा असतो. माहिती चोरण्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम आज नेमके हेच उचलतात: साठवलेले पासवर्ड आणि उघड्या ईमेलची चावी. एकदा ईमेल हातात आला की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलून घेणे अवघड राहत नाही. खात्यातले पैसे मोबाईलवर असले, तरी कुटुंबाची ओळख संगणकावर असते आणि ती चोरीला गेली तर परत मिळवण्याची पद्धत आपल्याकडे धड नाही. अँटिव्हायरसने हे भागेल, ही समजूतही अपुरी आहे. अँटिव्हायरस आत आलेल्या प्रोग्रॅमला ओळखण्याचा प्रयत्न करतो. दरवाजातली फट बुजवणे हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या दुरुस्तीचेच काम आहे.

तेव्हा सिस्टीम बदलायला हवी, याबद्दल शंका नसावी. पण म्हणून नवा संगणक घ्यायला हवा का? पहिली गोष्ट म्हणजे अनेक यंत्रे विंडोज ११ ला पात्र असूनही अपात्र दाखवली जातात. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, ‘सिक्युअर बूट’ची सोय आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-सोय लागते. ही टीपीएम म्हणजे कुलपांच्या किल्ल्या बाकीच्या संगणकापासून वेगळ्या सांभाळणारी जागा. अनेक संगणकांत ती प्रोसेसरमध्येच असते, पण बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद करून ठेवलेली असते. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि आर एकदम दाबून येणाऱ्या चौकटीत टीपीएम डॉट एमएससी असे इंग्रजीत लिहिले की ती आहे की नाही ते दिसते. ‘सापडली नाही’ असे उत्तर आले, तरी बायॉसमध्ये जाऊन इंटेलच्या यंत्रात ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या यंत्रात ‘एफटीपीएम’ हा पर्याय चालू करून पुन्हा पाहावे. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन मग वेगळे उत्तर देऊ शकते. ही तपासणी काही मिनिटांची आहे आणि ती न करता ‘होत नाही, नवा घ्या’ असे सांगणे ग्राहकावर अन्याय आहे. यंत्र पात्र ठरले तर अपग्रेड मोफत आहे. फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ते करावे, आणि काही अडले तर पहिल्या १० दिवसांत जुन्या सिस्टीमवर परतता येते, हेही लक्षात ठेवावे.

खरी अडचण प्रोसेसरची आहे. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ ची रेषा आठव्या पिढीवर आखलेली आहे. लॅपटॉपवर ‘कोअर आय ५-८२५०यू’ असेल तर तो पात्र, ‘कोअर आय ५-७२००यू’ असेल तर अपात्र. अशा चार आकडी क्रमांकात डॅशनंतरचा पहिला आकडा पिढी सांगतो. हे दोन प्रोसेसर बाजारात आले त्यांत अंतर आहे जेमतेम एका वर्षाचे, २०१६ आणि २०१७. ही रेषा सुरक्षेसाठी आखली असे कंपनी सांगते आणि त्यात तथ्य आहे. नव्या प्रोसेसरमध्ये सिस्टीमचा गाभा वेगळा राखण्याच्या सोयी अधिक चांगल्या आहेत. पण रेषा किती लवचिक होती, हेही ऑगस्ट २०२१ मध्ये दिसले. सातव्या पिढीतले मोजके प्रोसेसर कंपनीने यादीत घेतले आणि त्यांतला एक होता ‘कोअर आय ७-७८२०एचक्यू’, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ या महागड्या यंत्रातला. त्याच वेळी कंपनीने असेही सांगितले की अपात्र यंत्रांत सिस्टीम कोसळण्याच्या घटना ५२ टक्क्यांनी जास्त आढळल्या. हा आकडा मी झटकून टाकत नाही. पण पात्र यंत्रांत कोसळण्याविना चालण्याचे प्रमाण कंपनीनेच ९९.८ टक्के दिले होते. मूळ प्रमाण इतके लहान असताना त्यात दीडपट वाढ झाली, तरी ते लहानच राहते. अशा फरकासाठी सातव्या पिढीची सगळी यंत्रे सुरक्षेच्या दुरुस्तीबाहेर टाकणे समर्थनीय ठरत नाही.

सुरक्षेचा मुद्दा मांडणाऱ्यांची तुलनाही इथे घसरते. ते नव्या यंत्राची तुलना जुन्या यंत्राशी करतात आणि नवे अधिक सुरक्षित ठरते, यात नवल नाही. पण ज्या घराला आज नवे यंत्र परवडत नाही, त्या घरापुढचा पर्याय तो नसतोच. त्या घरापुढे असते एकच जुने यंत्र, दुरुस्त्या मिळणारे किंवा न मिळणारे. टीपीएम नसलेले पण दर महिन्याला दुरुस्ती मिळणारे यंत्र हे टीपीएमही नसलेल्या आणि दुरुस्तीही न मिळणाऱ्या यंत्रापेक्षा नक्कीच सुरक्षित आहे. सुरक्षेच्या नावाने आखलेल्या रेषेमुळे कोट्यवधी घरे दुसऱ्या गटात ढकलली जात असतील, तर एकूण सुरक्षा घटली असाच हिशेब निघतो. म्हणून अशा घरांसाठी बाकीचे मार्ग उघडे ठेवणे आणि लोकांपर्यंत पोहोचवणे महत्त्वाचे आहे.

पहिला मार्ग मायक्रोसॉफ्टनेच ठेवला आहे. घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना कंपनीने जाहीर केली. त्यासाठी सिस्टीमची २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचे खाते हवे. आपली सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवायला तयार असाल तर ही मुदतवाढ मोफत मिळते; नाहीतर १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरएवढी स्थानिक चलनातली रक्कम. एका खात्यावर १० यंत्रांपर्यंत ती घेता येते. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा असतो, पण तो दाबल्याशिवाय काही होत नाही आणि अनेकांना तो असल्याचेच माहीत नाही. आता या योजनेचा नकाशा पाहा. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांना हीच मुदतवाढ क्लाउडची अट न घालता मोफत मिळाली, कारण तिथल्या ग्राहक संघटनांनी तिथल्या कायद्यांच्या आधारे या अटीला आव्हान दिले. मोठ्या कंपन्यांना पैसे भरून २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळतील. यंत्रसामग्रीत बसवल्या जाणाऱ्या विंडोज १० च्या एका खास आवृत्तीला तर जानेवारी २०३२ पर्यंत सपोर्ट आहे. म्हणजे विंडोज १० च्या दुरुस्त्या लिहिल्या जाणे थांबलेले नाही. त्या कोणाच्या घरापर्यंत आणि कोणत्या अटीवर पोहोचवायच्या, एवढेच ठरवले गेले आहे. तो निर्णय तंत्रज्ञानाने नाही, धंद्याने घेतला आणि जिथे कायदा भक्कम होता तिथे तो बदललाही.

दुसरा मार्ग कायमचा आहे: लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या उबुंटू या रूपाच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात आणि वैयक्तिक वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत ही मुदत मोफत नोंदणीने १० वर्षांपर्यंत वाढते. लिनक्स मिंटची २०२४ साली आलेली २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत चालणार आहे आणि तिची मांडणी विंडोजच्या सवयीच्या माणसाला फारशी परकी वाटत नाही. पेनड्राइव्हवर ती उतरवून त्यावरून संगणक सुरू केला, की हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, प्रिंटर, आवाज, मराठी टायपिंग सगळे चालते का ते पाहता येते. युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक तिथे आधीपासून असतो. यावरचे आक्षेप खरे आहेत आणि ते लपवू नयेत. टॅली विंडोजसाठी आहे. जीएसटी भरणाऱ्या लहान व्यावसायिकाची डिजिटल सहीची टोकन लिनक्सवर दर वेळी नीट चालतीलच असे नाही. श्रीलिपी किंवा जुन्या पेजमेकरवर वर्षानुवर्षे काम केलेल्या डीटीपीवाल्याचा सगळा साठा विंडोजशी बांधलेला आहे. ज्या घरात ही कामे होतात, त्यांनी विंडोजवरच राहावे. पण ब्राउझर, ईमेल, अर्ज, पीडीएफ, व्हिडिओ आणि थोडे लिखाण एवढीच कामे असलेल्या घराला यातले काही आडवे येत नाही.

‘घरच्यांना जमणार नाही’ हा आक्षेप मला सर्वांत कमकुवत वाटतो. महाराष्ट्रात दोन दशकांहून अधिक काळ लाखो लोकांनी एमएस-सीआयटीच्या वर्गांत संगणक शिकला आणि तो विंडोजच्या रूपात शिकला. त्यामुळे विंडोज म्हणजेच संगणक, अशी सवय पडली. ती शिकवण्यातून आली आणि शिकवण्यातून बदलू शकते. केरळमध्ये ‘काइट’ या राज्य सरकारच्या संस्थेने शाळांसाठी जीएनयू-लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार केली आहे आणि तिथल्या शाळांतून मुले मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकत आली आहेत. मल्याळी मुलांना जे जमते ते मराठी मुलांना न जमण्याचे कारण नाही, आणि मुले शिकली की घर शिकते. महाराष्ट्र आणि गोव्याच्या शिक्षण खात्यांनी निदान एवढे करावे की शाळांतले अपात्र ठरलेले संगणक एकगठ्ठा लिलावात काढण्याआधी त्यांच्यावर हा प्रयोग करणे बंधनकारक व्हावे.

तिसरी गोष्ट वेगाची. जुना संगणक बदलावासा वाटतो तो बहुतेक वेळा असुरक्षित झाला म्हणून नाही, संथ झाला म्हणून. सहा-आठ वर्षांपूर्वीच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असे. आजचा ब्राउझर एवढ्यात गुदमरतो. तबकडीच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली, की तेच यंत्र घरगुती कामांना पुरेसे चपळ होते. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या किमती चढल्या आहेत हे खरे. पण त्याच मेमरीमुळे नवे लॅपटॉपही महागणार, म्हणून तुलना पुन्हा दुरुस्तीच्याच बाजूने झुकते. याचा अर्थ कोणी नवा संगणक घेऊच नये असा नाही. मदरबोर्ड गेलेला असेल, बॅटरी फुगलेली असेल, मुलाच्या अभ्यासक्रमाला तगडे यंत्र लागत असेल, तर नवा जरूर घ्यावा. मुद्दा एवढाच की तो निर्णय घराच्या गरजेवरून व्हावा, एका कंपनीच्या दिनदर्शिकेवरून होऊ नये. आणि काही हुशार मंडळी सुचवतात त्या वाटेने, अपात्र यंत्रावर अटींना बगल देऊन विंडोज ११ बसवण्याच्या वाटेने, कुटुंबाने जाऊ नये. अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दुरुस्त्या मिळाव्यात म्हणूनच तर हा सगळा खटाटोप आहे.

हा प्रश्न एका घरापुरता राहत नाही, याचे कारण कचरा. २०२३ च्या अखेरीस कॅनालिस या बाजार-विश्लेषण संस्थेने अंदाज मांडला होता की विंडोज १० च्या समाप्तीमुळे सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेल्याचे काय होते ते दिल्लीच्या सीलमपूरमध्ये किंवा मुंबईच्या धारावीत पाहायला मिळते. सर्किट बोर्ड आम्लात बुडवून धातू काढणारे, तांब्यासाठी वायरी जाळणारे हात कोणत्याही कंपनीच्या हिशेबात नसतात, आणि शिसे-कॅडमियम त्यांच्याच फुप्फुसांत आणि वस्तीच्या पाण्यात उतरते. शिवाय लॅपटॉपच्या पूर्ण आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो, म्हणून नवे यंत्र वीज कमी खाते या समाधानात फारसा दम नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेले ई-कचऱ्याचे नियम विल्हेवाटीची जबाबदारी यंत्र बनवणाऱ्यांवर टाकतात, ते योग्यच आहे. पण ज्याच्या निर्णयाने चालते यंत्र निरुपयोगी ठरते, त्या सॉफ्टवेअर निर्मात्याला त्या निर्णयाबद्दल हे नियम काहीच विचारत नाहीत.

कंपनीच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद असा: विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली, २०२५ पर्यंत चालली, दहा वर्षे मोफत दुरुस्त्या दिल्या, आणखी किती द्यायच्या? कोणतेही सॉफ्टवेअर अनंत काळ सांभाळता येत नाही, हे मला मान्य आहे. पण ही दहा वर्षे सिस्टीमच्या जन्मापासून मोजलेली आहेत, ग्राहकाच्या खरेदीपासून नाहीत. विंडोज ११ च्या अटी २४ जून २०२१ रोजी जाहीर झाल्या. त्याआधी, विशेषतः टाळेबंदीच्या काळात मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घाईने संगणक घेणाऱ्या घरांना आपल्या यंत्रावर अशी रेषा येणार आहे हे कळण्याची सोयच नव्हती. त्या घरांनी रिफर्बिश्ड किंवा स्वस्तातले यंत्र घेतले असेल, तर त्यांच्या वाट्याला दहा नव्हे, जेमतेम पाचेक वर्षे आली. खरेदीच्या वेळी किमान मुदत सांगितली असती तर कोणी फसवणूक म्हटले नसते. तक्रार मुदत संपल्याची नाही. ती न सांगता विकल्याची आहे.

म्हणूनच उपाय सोपा आणि कोणावरही अवास्तव बोजा न टाकणारा आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकाच्या खोक्यावर आणि ऑनलाइन पानावर ‘सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत, अमुक सालापर्यंत’ हे ठळक छापणे बंधनकारक करावे. बिस्किटाच्या पुड्यावर महिना-साल आणि किंमत छापायला लावणारा देश पन्नास हजारांच्या लॅपटॉपला यातून सूट का देतो? युरोपीय संघाने हे पाऊल उचलले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आलेला तिथला सायबर सुरक्षेचा कायदा ऑपरेटिंग सिस्टीमसह डिजिटल उत्पादनांना साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या देणे भाग पाडतो आणि मुदतीचा महिना व वर्ष खरेदीच्या वेळी सांगायला लावतो. त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. आपल्याकडे पाया तयार आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूच्या गुणवत्तेची माहिती मिळण्याचा हक्क देतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल २०२२ मध्ये सुरू केले, आणि वस्तू किती दुरुस्त करता येते याचे गुण ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात सॉफ्टवेअर अपडेट हा एक निकष धरला. पण सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून सुचवली आहे. संगणक त्यात लगेच यायला हवेत.

लोक असे लेबल वाचतच नाहीत, असे म्हणणारे भेटतील. फ्रिज आणि एसीवरचे बीईईचे तारे सुरू झाले तेव्हाही ही शंका होती. आज दुकानात शिरणारा माणूस किंमत आणि तारे दोन्ही विचारतो. किंमत वाढेल, ही दुसरी भीती. मुदत छापायला शाईपलीकडे खर्च नाही, आणि एकदा ती छापली की अधिक वर्षे देणाऱ्या कंपनीला बाजारात फायदा मिळू लागेल. स्मार्टफोनच्या बाजारात हे घडलेलेही आहे. गुगल आणि सॅमसंग आपल्या महागड्या फोनवर सात वर्षांच्या अपडेटची जाहिरात करतात, कारण ग्राहक ती मुदत विचारू लागला. छापलेल्या मुदतीबरोबर आणखी एक अट हवी: सपोर्ट संपवताना ज्या दुरुस्त्या कंपनी कोणासाठी ना कोणासाठी तयार करतच आहे, त्या घरगुती ग्राहकाला खात्याची किंवा क्लाउडची अट न घालता मिळाल्या पाहिजेत. युरोपातल्या घराला जे मोफत मिळते, ते नाशिकच्या किंवा मडगावच्या घराला न मिळण्याचे समर्थन कोणत्याही तत्त्वावर करता येणार नाही.

कायदा होईल तेव्हा होईल, तोवर घरांनी थांबू नये. ज्यांच्या संगणकावर विंडोज १० आहे त्यांनी याच आठवड्यात फायलींची प्रत काढावी आणि यंत्र विंडोज ११ ला पात्र आहे का ते बायॉससकट तपासावे. पात्र असेल तर अपग्रेड करावे. नसेल तर मुदतवाढीची नोंदणी करून, मिळालेल्या वेळात लिनक्स पेनड्राइव्हवरून आजमावून पाहावे. नवे यंत्र घ्यायचेच ठरले, तर दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारावा: याला सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार, आणि ते मला लिहून द्याल का? पुरेशा ग्राहकांनी हा प्रश्न विचारला, तर उत्तर द्यावे लागेल, आणि ते उत्तर एकदा लिहून देण्याची पद्धत पडली की कायदा करणाऱ्यांनाही मागे राहता येणार नाही.